प्रमोदचं अनोळखी तळं

रेवाचा फोन आला तेव्हा मी ऑफिसच्या कॉलवर होतो. कॅमेरा चालू होता आणि कुठल्याशा गोदामातली मालाची यादी संध्याकाळपर्यंत सुधारून द्यायचं मी कबूल करत होतो. रेवा ही प्रमोदची मुलगी. जन्म स्लाऊचा, नोकरी एडिंबराला, आणि गेला महिनाभर बापाच्या उशाशी बसलेली. तिचं नाव फोनवर दिसलं आणि मला कळलं. तरीही मी तोंडातलं वाक्य पुरं केलं, "सॉरी, आय हॅव टू ड्रॉप" म्हटलं आणि मगच फोन उचलला. याची लाज मला अजून वाटते. "काका," ती म्हणाली, "बाबा गेला. आत्ताच. आई काहीच बोलत नाहीये. मी काय करू?" चोपन्न वर्षांच्या माणसाला या प्रश्नाचं काहीतरी उत्तर माहीत असायला हवं. मी म्हणालो, "येतो." आलो म्हणजे काय केलं, तर त्यांच्या स्वयंपाकघरात चार कप चहा केला. तो कोणी प्यायला नाही. मग ते चारही कप मी विसळून ठेवले... त्याला आता सात आठवडे झाले.

प्रमोद मूळचा भंडारा जिल्ह्यातला. वडील पाटबंधारे खात्यात, त्यामुळे त्याचं सगळं लहानपण तलावांच्या काठी गेलं. तिकडे गावागणिक तलाव, आणि त्यावर मासेमारी करणारे ढिवर लोक हे त्याचे खरे गुरू. पुढे नागपूरला इंजिनीअर झाला, डेटाबेसमधला वाकबगार माणूस म्हणून इंग्लंडला आला, पण मनाने तो तलावावरच राहिला. मी पुण्याचा. नळाला येतं ते पाणी, एवढीच माझी पाण्याशी ओळख. पंधरा वर्षांपूर्वी स्लाऊच्या एका कंपनीत आम्ही शेजारी बसायला लागलो. पहिल्याच आठवड्यात त्याने विचारलं, "संडेला काय करून राहिला बे?" मी काही नाही म्हणालो, आणि तिथेच फसलो. त्यानंतरचे माझे निम्मे रविवार चिखलात, थंडीत, फोल्डिंगच्या खुर्चीवर नाक गाळत गेले. तो मला कायम 'पुणेकर' म्हणायचा. माझं नाव त्याला आठवतं की नाही अशी मला कधीकधी शंका यायची.

त्याचं एक विचित्र होतं. एका तळ्यावर मासे सापडले की तो पुन्हा तिथे जायचा नाही. बाकीचे लोक आपली ठरलेली जागा धरून वर्षानुवर्षं बसतात. याला दर वेळी नवं, कधी न पाहिलेलं पाणी हवं असे. मी म्हणायचो, अरे, मागच्या वेळी तिथे मिळाले होते ना, मग परत तिथेच जाऊ की. तो म्हणायचा, "सापडले ना? मग झालं." स्लाऊच्या आसपास खडी काढून सोडलेल्या जुन्या खाणी आहेत. त्यांत पाणी साठून झालेली तळी इतकी की माणसाचा जन्म पुरायचा नाही. नव्या तळ्यावर पोचलं की पहिला तासभर गळ पाण्यात टाकायचा नाही, हा त्याचा नियम. तासभर नुसतं बघायचं. वारा कुठल्या काठाला लागतोय, पाणपक्षी कुठे बुड्या मारतायत, झाडं कुठे वाकलीत. मग दोऱ्याला नुसतं शिसं बांधून फेकायचं आणि ते तळाला टेकेपर्यंत मनात आकडे मोजायचे. सहा मोजले की उथळ, दहा-अकरा म्हणजे खोल. ते हळूहळू ओढून घेताना गळाच्या काठीला टकटक जाणवलं तर खाली खडी, काहीच जाणवलं नाही तर गाळ. "उथळ संपून खोल सुरू होते ना, त्या काठावर थांबते मासा," तो सांगायचा. "खाणं वर, आसरा खाली. तू पण तसाच राहतो की बे, किचनच्या दारात." हा विनोद माझ्या पोटाकडे बघून केलेला असे.

इथली रीत अशी की गोड्या पाण्यातला मासा धरायचा, डोळे भरून बघायचा आणि परत सोडून द्यायचा. आपल्या लोकांच्या गळी हे काही केल्या उतरत नाही. सुरुवातीच्या दिवसांतली गोष्ट. प्रमोदने अकरा पौंडांचा पाइक मासा पकडला आणि उत्साहाच्या भरात काठावरूनच सगळ्यांना फोन केले. दुपारी आम्ही त्याच्या घरी पोचलो तर दाराबाहेर बारा-पंधरा जोड चपला. एजवेअरहून एक कुटुंब आलेलं, हॅरोहून दुसरं. त्याच्या बायकोने, मीनलवहिनींनी, खोबरं-लसणाचं वाटण वाटून ठेवलेलं, भाताचं मोठं पातेलं शेगडीवर. सगळ्यांच्या नजरा आमच्या हातांकडे. "मासा कुठाय?" वहिनींनी विचारलं. प्रमोद म्हणाला, "सोडला." "सोडला म्हणजे?" "म्हणजे पाण्यात सोडला, परत." मग त्या वाटणात वहिनींनी अंडी सोडली आणि पाहुण्यांना अंड्याची करी वाढली. नवऱ्याशी मात्र मंगळवारपर्यंत बोलल्या नाहीत. त्यावरून आम्ही त्याला पुढे कित्येक वर्षं छळलं. पण एक गोष्ट मला त्या दिवशी समजली होती. मासा घरी येतच नसेल, तर तो लागला होता याला पुरावा फक्त सांगणाऱ्याचा शब्द. आणि प्रमोद शब्दाचा पक्का होता. रिकाम्या हातांनी परतलेल्या दिवशी तो सरळ सांगायचा, "आज तळं नाही समजलं."

पाच-सहा वर्षांपूर्वी तो कॅनडात आतेबहिणीकडे गेला होता. जावयासारखी सरबराई सोडून हा तिसऱ्या दिवशी भाड्याची होडी घेऊन एका प्रचंड तलावात शिरला. तिथले मासे वेगळे. वॉलआय म्हणून एक असतो, त्याचे डोळे काचेसारखे आणि त्याला उजेड सोसत नाही. दुसरा स्मॉलमाउथ बास, खडकांच्या सांदीत राहणारा आणि हाडाचा भांडखोर. प्रमोदने दोघांनाही जन्मात पाहिलं नव्हतं. तरी त्याने दिवसभर तळ चाचपला. पाण्याखालचं खडकाळ टेकाड सापडलं तिथे दुपारी बास धरला, आणि उन्हं कलल्यावर त्याच टेकाडाच्या खोल अंगाला वॉलआय. परत आल्यावर महिनाभर दुसरा विषय नव्हता. "पुणेकर, मासा बदलला, देश बदलला, पाणी तेवढं बोलतेच बे. ऐकणारा पाहिजे." मी म्हणालो, मला नळाचंच ऐकू येतं. तो इतका हसला की त्याला ठसका लागला.

मागच्या दिवाळीच्या सुमारास त्याच्या डोळ्यांत पिवळसर झाक दिसली. कावीळ असेल म्हणून आम्ही ऊस कुठे मिळतो ते शोधत होतो. ती कावीळ नव्हती, स्वादुपिंडाचा कॅन्सर होता आणि तोही बराच पसरलेला. कन्सल्टंट बाईंनी सगळं नीट समजावलं, टिश्यूचा डबा पुढे सरकवला. बाहेर आल्यावर प्रमोदने पार्किंगचं मशीन चालवून दाखवलं, कारण मला त्यातली बटणं दिसेनात. पुढचे दोन महिने मी काय केलं? तर इंटरनेट वाचलं. हळदीपासून जर्मनीतल्या क्लिनिकपर्यंत जे दिसेल ते त्याला पाठवत बसलो. शेवटी त्याचा फोन आला. "लिंका पाठवणं बंद कर बे. एक काम सांगतो, ते कर. एका नव्या तळ्यावर ने मला." नकाशावर त्याने जागाही काढून ठेवली होती. वहिनी नाहीच म्हणत होत्या. फेब्रुवारीतली थंडी, त्याचं वजन निम्मं झालेलं. मी त्यांना सांगितलं, दोन तासांत परत आणतो, गाडीतून उतरूही देणार नाही. त्या म्हणाल्या, "भाऊजी, तुमच्या भरवशावर पाठवून राहिले." आणि गरम पाण्याची पिशवी माझ्या हातात दिली.

तळ्याची देखभाल करणाऱ्या म्हाताऱ्याने गाडीत कोण बसलंय ते पाहिलं, काही न विचारता फाटक उघडलं आणि गाडी थेट काठाजवळ नेऊ दिली. पण गाडी आणि काठ यांच्यामध्ये काटेरी झुडपांची पुरुषभर उंच रांग होती. गाडी उंचवट्यावर असल्याने प्रमोदला झुडपांवरून पलीकडचं पाणी दिसत होतं, वारा दिसत होता, पक्षी दिसत होते, झुडपांआड उभा मी मात्र नाही. म्हणून आम्ही फोन लावून ठेवला. त्याचा आवाज माझ्या कानात, माझे हात त्याच्या कामाला. तासभर त्याने नियमाप्रमाणे मला नुसतं उभं ठेवलं. मग शिसं फेकायला लावलं. "किती?" सहा. "डावीकडे फेक. ते पडलेलं विलोचं झाड दिसते ना, त्याच्या डावीकडून." अकरा. "टकटक होऊन राहिली काय?" आधी होते, मग थांबते. "हां..." तो म्हणाला, आणि त्या 'हां'मध्ये इतकं सुख होतं की मला वाटलं, आज हा बराच होतो की काय. "तिथेच गांडूळ टाक. पर्च आहे तिथे. हिरवा, काळ्या पट्ट्यांचा. हंड्रेड पर्सेंट."

मी टाकलं. अर्धा तास काही नाही. पुन्हा टाकलं. बोटं बधिर झाली, नवं गांडूळ लावताना गळ अंगठ्यात घुसला. दोन तास उलटून गेले होते आणि वहिनींना दिलेला शब्द माझ्या डोक्यात टोचत होता. कानातला आवाज हळूहळू बारीक होत गेला. मध्येच तो कण्हायचा आणि खोकल्यासारखं करून ते लपवायचा. मग बराच वेळ नुसता श्वास ऐकू आला. मी म्हटलं, निघू या का? तो म्हणाला, "काहीच नाही लागलं?" मी नाही म्हणालो. आणि मग तो म्हणाला, "म्हणजे या वेळी मला वाचताच नाही आलं, पुणेकर... सगळंच गेलं."

आजवर तो रिकाम्या हातांनी परतला नव्हता असं नाही. पण 'सगळंच गेलं' हे मी त्याच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. मला त्याचा कॅन्सर बरा करता येत नव्हता, त्याचं दुखणं वाटून घेता येत नव्हतं, साधा मासा धरता येत नव्हता. मी ओरडलो, "लागला! प्रमोद, लागला!" रीळ उगाच करकर फिरवलं. "पर्चच आहे!" कानात एकदम जिवंत आवाज आला, "हात ओले कर आधी! कोरड्या हातानं धरू नको, कातडी सोलते त्याची." केले, म्हणालो. "पाठीवरचा पर उभा आहे?" आहे. "पट्टे किती?" मी सात म्हणालो. सात हा आकडा कुठून आला, देव जाणे. "सोड आता. हळू सोड." मी गुडघ्यांवर बसलो, फोन पाण्याजवळ धरला आणि हाताने पाणी खळबळवलं. "गेला?" गेला, म्हणालो. माझे डोळे वाहत होते आणि त्याला ते दिसत नव्हतं, एवढंच काय ते नशीब.

गाडीत शिरलो तेव्हा त्याने माझे दोन्ही गारठलेले हात गरम पाण्याच्या पिशवीवर ओढून घेतले. मला वाटलं होतं, तो म्हणेल, बघ, सांगितलं नव्हतं? पण तो म्हणाला, "तू शोधला बे. मी तर हात टेकले होते. आता तुला कुठलंही तळं दिलं तरी चालते." त्या एका वाक्याने माझं तोंड शिवलं गेलं. त्याला त्याचं श्रेय मिळावं म्हणून खोटं बोललो आणि त्याने ते उचलून माझ्याच पदरात टाकलं.

पुढचा महिनाभर तो त्या माशाची गोष्ट सगळ्यांना सांगत होता. घरी येणाऱ्या नर्सला, फोनवरून नागपूरच्या भावाला, रेवाला तर रोज. सुरुवातीला मासा दीड पौंडाचा होता, मार्चअखेर तो तीन पौंडांवर गेला. "पुणेकराने एकट्याने शोधला," हे शेवटी असायचंच. एकदा दुपारी खोलीत आम्ही दोघेच होतो. मी म्हणालो, प्रमोद, त्या दिवशी तळ्यावर ना... तो डोळे मिटून पडला होता. न उघडताच हसला आणि म्हणाला, "सात पट्टे." मी त्याच्या पायांवरचं पांघरूण सारखं केलं. त्याला सगळं ठाऊक होतं, असं म्हणून मी स्वतःची समजूत घालू शकलो असतो. पण नव्हतं. त्याच्या चेहऱ्यावरचा आनंद खरा होता, आणि मी पंधरा वर्षं तो चेहरा बघत आलो होतो.

तेराव्यानंतर वहिनींनी मला बोलावून घेतलं. अस्थींतला थोडा भाग भाऊ रामटेकला नेणार होता. उरलेल्यांचं काय करायचं ते प्रमोद सांगून गेला होता. वहिनी म्हणाल्या, "तुम्ही मासा शोधला ना, तिथे सोडायचं आहे त्यांना." रेवाने तळ्याच्या मालकांना पत्र लिहून परवानगीसुद्धा आणली होती. "काका, तुम्ही एक्झॅक्ट स्पॉट दाखवा हां," ती म्हणाली. "बाबाचा फिश जिथे आला होता, तिथेच." नागपूरच्या दिराचा व्हिसा झाला की दिवस ठरणार होता. मी मान डोलावली. दुसरं मी काय करणार होतो?

त्यानंतरचे दोन रविवार मी एकटाच त्या तळ्यावर गेलो. आता तरी तिथे एक पर्च लागू दे, म्हणजे माझं खोटं उशिरा का होईना खरं होईल, एवढीच इच्छा. विलोच्या डावीकडे, सहा संपून अकरा सुरू होतात तिथे, सकाळपासून संध्याकाळपर्यंत गांडूळ टाकत होतो. एक बोटभर मासासुद्धा लागला नाही. दुसऱ्या रविवारी परतताना गाडी तशीच त्यांच्या दारात उभी केली. वहिनी मेथी निवडत बसल्या होत्या. मी समोर बसलो आणि सगळं सांगून टाकलं. रीळ फिरवल्याचं, पाणी खळबळवल्याचं, पट्ट्यांचंही.

त्या रागावतील असं मला वाटलं होतं, खरं तर रागवाव्यात अशीच इच्छा होती. त्या निवडत राहिल्या. मग त्यांनी विचारलं, "म्हणजे तिथे मासे नाहीतच?"

"माहीत नाही, वहिनी. मला सापडले नाहीत एवढं खरं."

"मग तिथे त्यांना एकट्याला कसं सोडायचं, भाऊजी?"

त्यांनी जुडी बाजूला ठेवली आणि हात पदराला पुसले. "तळ्यात कुठेतरी असतीलच ना? त्यांचे भाऊ यायला अजून तीन आठवडे आहेत. शोधा तुम्ही. मी पण येते."

काल रविवार होता. वहिनी खरंच आल्या. पंधरा वर्षांत एकदाही त्या आमच्याबरोबर आल्या नव्हत्या. प्रमोदचे गमबूट त्यांनी दोन-दोन मोजे चढवून घातले होते, तरी चालताना ते पायांतून निसटत होते. रेवाला आम्ही काही सांगितलेलं नाही. तासभर मी त्यांना नुसतं बघायला सांगितलं. त्या बघत उभ्या राहिल्या, पदर खोचून, एकाग्रपणे, आणि मला त्यांना काय बघायचं ते धड सांगताही येईना. मग मी काठाच्या एका टोकावरून शिसं टाकलं, मोजलं, ओढलं, गळ टाकला. वीसेक मिनिटं गेली. वहिनींनी विचारलं, "इथे?"

मी नकारार्थी मान हलवली. खुर्ची उचलली, त्यांनी गांडुळांचा डबा उचलला, आम्ही दहा पावलं पुढे सरकलो. पुन्हा शिसं, पुन्हा मोजणं, पुन्हा वीस मिनिटं. "इथे?" त्यांनी विचारलं. नाही, वहिनी. संध्याकाळपर्यंत आम्ही असा निम्मा काठ केला. निम्मा अजून राहिला आहे.